साडेचौदा हजारांचा सेल्फ

मावशींच्या स्वयंपाकघरात मिसळणाचे दोन डबे होते, दिसायला अगदी सारखे. एकात मोहरी, जिरं, हळद, तिखट. दुसऱ्यात कार्बनचे काळे तुकडे, पितळेचे बुश, वायसर आणि सँडपेपरच्या घड्या. मी राहायला गेले त्याच आठवड्यात त्यांना ताप आला, म्हणून मी पिठलं करायला घेतलं. तेल तापलं आणि मी चुकीचा डबा उघडला.

"त्यातलं नगं टाकू," त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या. "त्यो महागाचा हाये."

त्यांना मी दिसत नव्हते. त्यांनी ते झाकणाच्या आवाजावरून ओळखलं होतं.

वारूळवाडीत त्यांच्या माडीवर मी दोन वर्षं भाड्याने राहिले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नारायणगावात एका दवाखान्यात सकाळचं काम होतं आणि दुपारनंतर गावोगावी जाऊन घरी पडून असलेल्या पेशंटना व्यायाम द्यायचे. मी पुण्यात वाढले, इंग्रजी माध्यमात शिकले, आणि बोलायची वेळ आली की आधी दुसरं कोणी बोलतंय का ते बघणाऱ्यांपैकी आहे. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणाले. "काकू पुण्यात," त्या म्हणाल्या. "हितं मावशी." त्या मला डॉक्टर म्हणायच्या. मी डॉक्टर नाही हे मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

मावशींना गाड्या ऐकायची सवय होती. सकाळी त्या ओट्यावर मिसरी लावत बसायच्या. समोरचा शेजारी टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप मार्केटला न्यायला निघायचा. त्याने किल्ली फिरवली की मावशी तोंडातलं बोट न काढता दुसऱ्या हाताची बोटं दाखवायच्या. तीन. तिसऱ्या झटक्याला पिकअप सुरू व्हायचा. एकदा त्यांनी चार बोटं दाखवली आणि शेजारी खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मावशे, बोटं दाखवू नगं, त्यामुळंच उचलत न्हाई ती!"

"माज्या बोटानं न्हाई, तुज्या बुशनं," मावशी म्हणाल्या. "आठ दिवसांत बसशील रस्त्यात." तो सहाव्या दिवशी बसला.

सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटार. मला हा शब्दच माहीत नव्हता. आमच्या घरी गाडी बाबांची होती आणि ती नेहमी सुरू व्हायची.

मावशींच्या मिस्टरांचं आळेफाट्याला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पाटीवर त्यांचं नाव, गल्ल्यावर ते, गिऱ्हाइकाशी बोलायला ते. पण जळालेल्या मोटारी दुकानात दुरुस्त होत नसत. ट्रकचे सेल्फ, ट्रॅक्टरचे डायनामो सिमेंटच्या गोणीत भरून एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवले जायचे. वारूळवाडीच्या थांब्यावर कंडक्टर गोणी खाली सोडायचा आणि मावशी ती घरी आणायच्या. सगळी तार उकलून नवी तार त्या गुंडाळायच्या. दुसऱ्या दिवशी गोणी उलट दिशेने जायची. असं अठ्ठावीस वर्षं चाललं. आळेफाट्याला सगळ्यांना वाटायचं, हा माणूस रात्रभर जागून काम करतो.

"तुम्हाला राग नाही आला कधी?" मी एकदा विचारलं.

"कशाचा?"

"नाव त्यांचं झालं."

मावशींनी थोडा विचार केला. "त्यांना बोलता यायचं, मला गुंडाळता यायचं. दोन्ही लागतं, बाई. दुकानात त्यांनी बोलायचं, घरात मोटार माजी. तसा आमचा ठराव व्हता." या ठरावापायी त्या दुकानात फक्त दसऱ्याला गेल्या, पूजेपुरत्या, आणि तिथे कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली, दुकानाचा गाळा दुसऱ्याने घेतला, तरी ठराव चालूच होता. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, "ते गेले. ठराव कुठं गेला?"

मी राहायला गेले तेव्हाही त्यांच्याकडे काम येत असे, पण कमी. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी, कधी मिक्सर. तार गुंडाळताना त्या वेढे मोठ्याने मोजायच्या आणि तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही. मी एकदा मध्येच गॅस सिलेंडरचं विचारलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कॉइल उचलून माझ्या हातात दिली. "उकल सगळी. आता तू गुंडाळ आन तूच मोज." मी मोजायला लागले आणि एकोणसाठला अडकले. मला मराठीतले आकडे पन्नासच्या पुढे नीट येत नव्हते. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तारंला इंग्लिश चालतं. पन माज्या कानाला न्हाई." दोन महिन्यांत मी शंभरपर्यंत न अडखळता जायला लागले, आणि साधी कॉइल माझ्या हातून बरी उतरायला लागली.

त्यांचं एक वाक्य होतं, ते सगळीकडे लागू पडायचं. उघडल्याबिगर बोलू नये. कलिंगडवाला टिचकी मारून "गोड आहे" म्हणाला की त्या म्हणायच्या, "उघडल्याबिगर बोलू नये." मला पुण्याहून एक स्थळ आलं. मुलाचा फोटो आणि पगार बघून आई फोनवर म्हणाली, मुलगा शांत स्वभावाचा वाटतो. मावशी शेजारी शेंगा सोलत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "फोटूवरनं शांत? उघडलाय का कुनी त्याला?" मी त्या मुलाला भेटून आले. तो दीड तास न थांबता बोलला.

आता माझ्या गाडीचं.

गाडी मी माझ्या पैशांनी घेतली होती, सेकंडहँड. धरणाकाठी डिंभ्यात माझे पेशंट होते आणि तिकडच्या बसचा भरवसा नसतो. गेली तर जाते, नाहीतर पेशंट वाट बघत बसतो. बाबांना गाडी पसंत नव्हती, आणि खरं तर मी तिकडे राहणंही. शेवटी त्यांनी एक अट घातली. दहा हजारांच्या वर एकही खर्च आला तर गाडी विकायची आणि घरी परत यायचं. त्यांनी ती व्हॉट्सॲपवर लिहून पाठवली आणि माझ्याकडून "ओके" घेतलं. मी वाद घालत नाही, ओके म्हणते. तेव्हाही म्हणाले.

सातव्या महिन्यात गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. किल्ली फिरवली की फक्त टक असा आवाज. मी उतार शोधून गाडी लावायला लागले. एका गुरुवारी डिंभ्याहून परतताना घोडेगावात ती अडलीच. चार माणसांनी ढकलली. शुक्रवारी आळेफाट्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचा मालक पन्नाशीचा, अंगात निळा शर्ट, खिशात दोन मोबाइल. त्याने एकदा किल्ली फिरवून बघितली.

"सेल्फ गेला, मॅडम. नवीन टाकावा लागंल. कंपनीचा, फिटिंगसकट साडेचौदा हजार."

मी मान हलवली. दुसरा पर्याय आहे का, जुना दुरुस्त होईल का, असं विचारायचं मला सुचलं होतं. पण तो फोनवर बोलायला लागला होता आणि मी गाडी तिथे ठेवून एसटीने परत आले. येताना मनात सगळा हिशोब लागला. साडेचौदा म्हणजे दहाच्या वर. ओके मी लिहून दिलेलं. सोमवारी डिंभ्यात ज्या आजींकडे जायचं होतं, पक्षाघातानंतर त्या नुकत्याच आधाराने उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांना कोण सांगणार होतं की पोरगी पुण्याला परत गेली?

मावशी ओट्यावर होत्या. "गाडी कुठंय?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आवाज काय आला? यक टक का टकटकटक?"

"एकच."

"दिवं मंद झालं का त्या वक्ताला?"

"बघितलं नाही."

"त्यानं उघडला?"

"नाही."

मावशी उठल्या. "मंग साडेचौदा बोलला कसा?"

शनिवारी सकाळी त्यांनी दसऱ्याची साडी नेसली. पिशवीत महागाचा मिसळणाचा डबा, नट खोलायचे दोन पाने, हातोडीची एक लाकडी मूठ घेतली. एसटीत खिडकीशी बसून म्हणाल्या, "मी हाये तुज्यासंगं. पन बोलायचं तू. माजा ठराव तुला ठावं हाये."

मला एसटीतून उतरून परत जावंसं वाटलं.

गॅरेजमध्ये मावशींनी पदर डोक्यावर ओढला आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. मालकाने त्यांच्याकडे बघितलं नाही. बाजूला एक ट्रक ड्रायव्हर टायरवर बसून आपल्या गाडीची वाट बघत होता, रिकामा. मावशी माझ्या कानाशी बोलायला लागल्या.

"सांग, उघडल्याबिगर नवा टाकू नगं."

"मावशी म्हणतात की," मी सुरुवात केली, आणि त्यांनी मला दंडाला चिमटा काढला. "माजं नाव न्हाई. तुजं म्हन."

"उघडून बघितल्याशिवाय नवीन नको," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मालकाने "आँ?" केलं. मला परत म्हणावं लागलं.

"मॅडम, मी बघितलाय की."

मावशी कानाशी: "काय बघितलं, इचार."

"काय बघितलंत?"

"आवाज ऐकला. रोजचं काम हाये आमचं."

"हेडलाइट लावून किल्ली मारू या," मी म्हणाले. हेही कानात आलेलंच होतं, पण आता ते माझ्या तोंडून जरा सरळ निघालं. "दिवे मंद होतात का ते बघायचंय."

मालक हसला. "कशाला?"

कानात जे आलं ते मी जसंच्या तसं म्हणाले, फक्त भाषा माझी. "बॅटरी कमी असेल किंवा आतली तार जळून चिकटली असेल, तर दिवे मंद होतील. नाही झाले, तर करंट मोटारीत जातच नाहीये. मग मोटारीची तार चांगली आहे."

टायरवरचा ड्रायव्हर सरसावून बसला. "बोला की शेठ, मॅडम इचारत्यात."

"तू गप रं."

मालकाने हेडलाइट लावले, समोरच्या भिंतीवर उजेड पडला. त्याने किल्ली फिरवली. टक. उजेड जसाच्या तसा. मावशींनी माझ्या हातात लाकडी मूठ दिली आणि बोटाने बॉनेटखालची जागा दाखवली. मी वाकून सेल्फच्या पाठीवर हलके टोले दिले. "आता मारा," मी म्हणाले.

गाडी सुरू झाली.

ड्रायव्हरने टाळी वाजवली. मालकाने गाडी बंद केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हे कुठं शिकला?"

मला कानातलं पुढचं वाक्य हवं होतं. ते आलं. "मोटारीला करंट देणारे कार्बन झिजलेत," मी म्हणाले. "धक्का बसला की टेकतात, नाहीतर नाही. सेल्फ खाली काढा. मजुरी देते."

त्याने काढला. अर्धा तास लागला. उघडल्यावर आतले चारही कार्बन माझ्या करंगळीच्या नखाएवढे उरले होते. तांब्याचं काम मात्र स्वच्छ, चकचकीत. मावशी खाली बसल्या, डबा उघडला, बोटांनी चाचपून चार तुकडे निवडले आणि सँडपेपरवर घासायला लागल्या. घासायचं, बसवून बघायचं, परत घासायचं. मालक आता त्यांच्या हातांकडे बघत होता. ड्रायव्हरची गाडी तयार झाली होती तरी तो गेला नाही.

"आता असं काम करनारं ऱ्हायलं कुठं?" मालक ड्रायव्हरला म्हणाला, जरा सारवासारव केल्यासारखं. "म्हनून नवीन टाकतो आमी. पूर्वी त्या पलीकडल्या गल्लीत एक व्हते. माझे वडील सगळ्या मोटारी त्यांनाच द्यायचे. तसा हात पुन्हा व्हनार न्हाई, राव. त्यांनी तार भरलेली मोटार उघडली का आत पिवळा दोरा बांधलेला असायचा. का बांधत्यात, कधी सांगितलं न्हाई त्यांनी."

मावशींचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. चारही कार्बन बसले. त्यांनी पदराच्या गाठीतून हळदीत पिवळा केलेला सुती दोरा काढला, आतल्या कॉइलच्या टोकाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. मालक वाकून बघत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

"ह्यो दोरा," तो म्हणाला. "ह्यो तुमच्याकडं कसा?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी कान पुढे केला. काही आलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मला कळलं की हे वाक्य त्या मला देणार नाहीत.

"दोरा ह्यांचाच आहे," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या मोटारी एसटीने वारूळवाडीला यायच्या, सिमेंटच्या गोणीतून. ह्यांचे मिस्टर दुकानात बसायचे. गुंडाळायच्या ह्या. अठ्ठावीस वर्षं." आणि मग, कोणी सांगितलं नसताना, मी म्हणाले, "तुम्ही ज्या हाताचं म्हणताय ना, तो हा हात आहे."

इतकं मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले होते ते मला आठवत नाही. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

मालक खालीच बसला, मावशींच्या समोर, फरशीवर. "माझे वडील म्हनायचे, त्या मानसाच्या हातात देव हाये."

मावशींनी डोक्यावरचा पदर मागे सारला. आळेफाट्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, नेहमीच्या घरच्या आवाजात.

"देव न्हवता. मोजनी व्हती. मोजनी पुरी झाली का दोरा. म्हंजी पुन्हा मोजायला नगं."

"वहिनी, खुर्ची घ्या. चहा सांगतो."

"खुर्ची ऱ्हाऊ द्या. त्या मागच्या रॅकात सेल्फ पडल्यात वळीनं, ते कुठं निघालं?"

"भंगारात."

"त्यातला एखादा तरी उघडला?"

ड्रायव्हर इतका हसला की त्याला टायरवरून उठावं लागलं. मालकही शेवटी हसला, कपाळाला हात लावून. मग त्याने स्वतः रॅकवरून एक सेल्फ उचलला, फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी मावशींपुढे ठेवला, नैवेद्याचं ताट ठेवावं तसा.

पुढच्या महिन्यापासून मंगळवार आणि शुक्रवार मावशी एसटीने आळेफाट्याला जायला लागल्या. गॅरेजच्या दर्शनी भागात त्यांचं टेबल होतं. ठरावाचं काय झालं असं मी एकदा विचारलं. "त्यांच्या दुकानात बोलायचं न्हाई असा व्हता," त्या म्हणाल्या. "हे कुठं त्यांचं दुकान हाये?" गिऱ्हाइकांशी त्या इतकं बोलायच्या की मालकाने एकदा मला फोन करून विचारलं, ह्या घरीपण अशाच का? मी म्हणाले, घरी मोजत असतात.

आता मी मंचरला माझ्या स्वतःच्या दवाखान्याच्या वर राहते. मावशींचा फोन येतो तेव्हा मागे गॅरेज ऐकू येतं.

पण त्या शनिवारचं राहिलं. मालक मजुरी घ्यायला तयार नव्हता. मावशींनी त्याला घ्यायला लावली, सहाशे रुपये. संध्याकाळी बाबांचा फोन आला. गॅरेजमध्ये गाडी आहे एवढं त्यांना आईकडून कळलं होतं.

"किती सांगितले?"

"साडेचौदा हजार."

बाबांनी समजुतीचा आवाज काढला. "ठीक आहे. तू प्रयत्न केलास. आपलं ठरलंच होतं."

"सांगितले साडेचौदा," मी म्हणाले. "लागले सहाशे."

"सहा हजार?"

"सहाशे. आणि बाबा, मी पुढच्या वर्षाचंही भाडं ठरवलंय. गाडी विकणार नाहीये. मी इथेच राहणार आहे."

पलीकडे शांतता झाली. एरवी अशी शांतता झाली की मी ओके म्हणते. मी काही म्हणाले नाही. थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "पण सहाशेत कसं काय?" आणि मी त्यांना सेल्फ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये दोनदा "थांब, परत सांग" म्हटलं.

सोमवारी डिंभ्याला आजी दाराच्या चौकटीला धरून बारा आकडे होईपर्यंत उभ्या राहिल्या. आकडे मी मोजले. आजोबा अंगणात जाळं विणत बसले होते. निघताना मी गाडीत बसले. धरणाच्या काठाची ती जागा सपाट, ढकलायला आसपास कोणी नाही. किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी ती बंद केली आणि पुन्हा सुरू केली.

आजोबांनी जाळ्यातून मान वर केली. "काय वं डॉक्टर, बिघडली का काय?"

"नाही," मी खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि बंद करून तिसऱ्यांदा सुरू केली.